काही निघालं नाही

बार्शीहून परांड्याला जाणाऱ्या एसटीत मागच्या सीटवर हे बोलणं हमखास कानावर पडतं. मांडीवर औषधांची कॅरीबॅग, तिच्यात घड्या पडलेले रिपोर्ट आणि सांगणाऱ्याचा सूर तक्रारीचा. "रक्त झालं, लघवी झाली, फोटो झाला. दीड हजार गेले बघा, अन् काय बी निघालं नाही." ऐकणारा हळहळतो. काहीतरी निघालं असतं तर पैसे वसूल झाले असते, असंच दोघांनाही वाटत असतं.

धाराशिव जिल्ह्यात हे वाक्य मूळचं बोअरचं आहे. साडेचारशे फूट गेलो, पाचशे फूट गेलो, काही निघालं नाही. खर्च मातीत. तोच हिशेब माणसं रक्तालाही लावतात. बोअरला काही लागलं नाही तर घर बुडतं आणि रक्तात काही लागलं नाही तर घर वाचतं, हा फरक हिशेबात येत नाही. म्हणूनच "टायफॉइड निघाला" असं सांगणारी लॅब गावात लोकप्रिय होते आणि "सगळं नॉर्मल आहे" म्हणणारी लुटारू ठरते.

सरकारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेची थोरवी सांगताना सगळे रोग शोधण्याबद्दल बोलतात. माझं मत जरा वेगळं आहे. "तुम्हाला काही नाही, घरी जा" हे छातीठोकपणे सांगता येणं, ही तिची सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची कामगिरी. हे नुसतं मत नाही. त्याचा आकड्यांतला पुरावा याच जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दिला आहे. पण तिकडे जायचं तर आधी आरोग्य केंद्रातल्या त्या छोट्या खोलीत डोकवावं लागेल.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली लॅब म्हणजे बहुधा एक ओटा, एक बेसिन, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि एक माणूस. सरकारी कागदावर तो 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी', गावात 'रक्तवाले सर'. सकाळी दारात गरोदर बायका, तापाचे पेशंट आणि एखादा खोकणारा म्हातारा. ओट्यावर रंगीत टोपणांच्या नळ्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं, त्यातून हिमोग्लोबिन आणि पेशी मोजतात. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर सुटलेलं पिवळसर सिरम काढून घेतात. करड्या टोपणाची नळी साखरेसाठी. तिच्यात फ्लोराइड का घालतात हे कळलं की प्रयोगशाळेचं अर्धं मर्म कळतं. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते. म्हणजे सकाळी नऊला घेतलेलं रक्त एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून फिरून दुपारी मशिनला लागलं, तर मधुमेहाचा पेशंटही कागदावर ठणठणीत ठरेल. उलट, हिंदकळून लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम सिरममध्ये उतरतं आणि धडधाकट माणूस कागदावर अत्यवस्थ होतो. मशिनचा दोष नाही. मशिनपर्यंतच्या रस्त्याचा आहे.

आता मशिनं आहेत, रस्तेही आहेत. केंद्र सरकारची मोफत निदान सेवा २०१५ पासून आहे. २०१९ मध्ये यादी वाढली तेव्हा उपकेंद्रात १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९७, उपजिल्हा रुग्णालयात १११ आणि सिव्हिलला १३४ तपासण्या असं गणित ठरलं. महाराष्ट्रात ही सेवा एचएलएल लाइफकेअर या केंद्राच्या कंपनीकडे गेली आणि 'महालॅब' हे नाव सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर आलं. केंद्रात रक्त घ्यायचं, शीतपेटीतून मोठ्या लॅबला पाठवायचं, निकाल कळवायचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळंच मोफत झालं. तेव्हाचे आरोग्यमंत्री परांड्याचेच आमदार होते. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत राज्यातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीमच्या पंक्तीला बसलेल्या धाराशिव जिल्ह्याला त्याची गरज होतीच.

एक वाक्य अशा लेखांत ठोकून दिलेलं असतं, की डॉक्टरांचे ७० टक्के निर्णय प्रयोगशाळेच्या आधारे होतात. ते मी इथे लिहिणार नाही. त्याचा उगम शोधायला निघालेल्या अभ्यासकांना भक्कम पुरावा सापडलेला नाही. आपल्या भागात खरं तर उलटी गंमत आहे. निर्णय आधी होतो, लॅब नंतर.

विडाल तपासणीचंच बघा. फ्रान्सच्या फर्नां विदाल यांनी ती १८९६ मध्ये मांडली. पेशंटच्या सिरममध्ये टायफॉइडच्या मारलेल्या जंतूंचं द्रावण मिसळायचं. सिरममध्ये प्रतिपिंडं असतील तर जंतू एकमेकांना चिकटून दाणे दिसतात. स्वस्त, झटपट, विजेशिवाय होणारी. अडचण अशी की ती प्रतिपिंडं मागच्या वर्षीच्या टायफॉइडची असू शकतात, लशीची असू शकतात, कधी भलत्याच तापातही दिसतात. जिथे टायफॉइडचं पाणी पिऊनच माणसं मोठी झाली, तिथे एकदाच केलेल्या विडालला फारसा अर्थ उरत नाही. खात्रीची तपासणी म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, म्हणजेच ब्लड कल्चर. तिला दिवस लागतात, आणि आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर जंतू वाढतच नाहीत. तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेल्या बापाला तीन दिवस थांबा म्हणणार कोण? मग विडाल होते, काहीतरी निघतं, सलाईन लागतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. चौथ्या दिवशी ताप उतरतो. तो तसाही उतरणार होता.

जे निघतं ते खोटं असू शकतं, तसंच जे निघत नाही तेही. क्षयाचा बेडका घ्या. सर डबी देताना सांगतात, थुंकी नको, छातीतून आलेला बेडका हवा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग खोका. म्हातारा लाजतो, डबीत लाळ टाकून परत देतो. ती परत पाठवायला जीव ओतून काम करणारा माणूस लागतो, कारण लाळेत क्षय सापडत नाही आणि रजिस्टरवर 'निगेटिव्ह' चढतो. बेडका चांगला असला तरी काचपट्टीवर रंगवून बघताना एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा हजार जंतू असले तरच निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या नजरेला पडतात. सुरुवातीचा क्षय त्याखाली लपतो. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं त्यासाठीच आली. ट्रूनॅट गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या आरोग्य केंद्रासाठी बॅटरी ही त्या यंत्राची मुख्य गोष्ट, बाकी विज्ञान मागाहून.

पाण्याबद्दल थोडक्यात. नितळ पाण्यात डोळ्यांना कधीच काही निघत नाही. म्हणून गावचा जलसुरक्षक टाकीतल्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडल्याचं कळतं. जल जीवन मिशनमध्ये गावातल्याच पाच बायकांना चाचणी संच शिकवायचा नियम आहे. पाण्याच्या धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड तुम्ही पाहिलं असेल. गॅस्ट्रोची साथ आली की त्या कार्डाची आठवण होते, एरवी ते कपाटात असतं.

आता तो आकड्यांतला पुरावा. त्यासाठी आधी बार्शी. जिल्हा सोलापूर, पण भूम-परांड्याचा पेशंट पिढ्यान्‌पिढ्या बार्शीचाच. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांनी १९८७ मध्ये एक विचित्र वाटणारं काम सुरू केलं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कोणाकोणाला कॅन्सर झाला याची नोंद ठेवायची. भारतातली ग्रामीण भागातली ही पहिली कॅन्सर नोंदणी. शहरात अशी नोंदणी सोपी असते. हॉस्पिटलं आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्या वह्या चाळल्या की झालं. इथे वह्याच नव्हत्या. बाई अंगावरून पाणी जातंय म्हणून गप्प राहायची, मग रक्त जायचं, मग अंथरूण धरायची आणि जायची. कुठल्याच लॅबच्या कागदावर तिचं नाव नसायचं. मग नोंदणीची माणसंच गावोगाव फिरायला लागली. पारावर, शाळेत, घरोघरी बोलायची, लक्षणं सांगायची, संशय आला त्यांना बार्शीला आणायची. मोजायला गेलेल्या माणसांनी जाता जाता गावं शहाणी केली. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्याचं त्यांच्याच आकड्यांत दिसलं.

या पायावर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शी असे तिघे त्यात होते. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या, गर्भाशय शाबूत असलेल्या १,३१,७४६ निरोगी बायका. कोणत्या गटाला कोणती तपासणी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका भागाला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बघायच्या. दुसऱ्या भागाला व्हीआयए, म्हणजे पातळ ॲसेटिक आम्ल, थोडक्यात व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तिसऱ्या भागाला एचपीव्ही चाचणी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळपास नेहमी ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या लांबलेल्या संसर्गातून होतो. मऊ ब्रशने नमुना घ्यायचा, द्रावणाच्या नळीत बुडवायचा आणि लॅबमध्ये त्यात विषाणूचा डीएनए आहे का ते तपासायचं. चौथ्या भागाला नेहमीची सेवा, तपासणी नाही.

ही लॅब कशी चालत असेल, जरा डोळ्यांसमोर आणा. आरोग्य सेविका घरोघरी जाऊन बोलावणं करते. "मला काय झालंय?" या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही, कारण काही झालेलं नसतानाच यायचं आहे. सासूला पटवायचं, नवऱ्याला पटवायचं, रोजगार बुडणार नाही अशी वेळ काढायची. मग पडदा लावलेल्या खोलीत पाच मिनिटांची तपासणी. नळीवर नाव, गाव आणि क्रमांक. एचपीव्हीच्या त्या चाचणीच्या पट्टीला ९६ खाने. एकेक नमुना आला तसा लावणं परवडत नाही, पट्टी भरेपर्यंत थांबायचं. एका खान्याची अदलाबदल झाली की दोन गावांतल्या दोन बायकांची आयुष्यं अदलाबदल. आणि मग तीच सेविका त्याच घरी दुसऱ्यांदा जाते, निकाल घेऊन.

शंभरातल्या दहा जणींचा एचपीव्ही निकाल पॉझिटिव्ह आला. हेही समजून घेण्यासारखं आहे, की त्या दहांपैकी बहुतेकींना कॅन्सर नव्हता. विषाणू येतो आणि बहुधा आपोआप जातो. 'निघालं' म्हणजे आजार झाला असं नाही, पुढची पायरी चढायची एवढाच त्याचा अर्थ. भिंगातून तपासणी, गरज वाटली तर तुकडा काढून पाहणं, आणि कॅन्सरपूर्व बदल दिसला तर गोठवून तो भाग नष्ट करणं. नुसती लॅब असती आणि पुढे उपचार नसता, तर जिल्ह्यात हजारो घाबरलेल्या बायका तेवढ्या तयार झाल्या असत्या.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांत १२७ जणींना कॅन्सर सापडला, विनातपासणी गटातल्या ३१,४८८ बायकांत ११८ जणींना. म्हणजे सापडण्यात फार फरक नाही. पण पुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर विनातपासणी गटात ८२ आणि एचपीव्ही गटात ३९. मृत्यू तिकडे ६४, इकडे ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्याच्या आसपास आणले. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

बातम्यांत एवढंच आलं. मला मोलाचा वाटतो तो खालचा एक आकडा. ज्यांचं 'काही निघालं नाही' त्यांचं पुढे काय झालं? व्हीआयएमध्ये निगेटिव्ह आलेल्या बायकांत नंतरच्या काळात लाखामागे वर्षाला १६ जणींना कॅन्सर झाला. पॅप स्मिअरमध्ये निगेटिव्ह आलेल्यांत १५.५. एचपीव्हीत निगेटिव्ह आलेल्यांत ३.७. शब्द तिन्हीकडे तोच, 'निगेटिव्ह'. पण एका ठिकाणी त्याचं वजन चौपट. डोळा चुकतो, थकतो, दुपारच्या शंभराव्या स्लाइडला जांभई देतो. डीएनए शोधणारी चाचणी त्या मानाने कमी चुकते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली आणि सर्वसाधारण स्त्रीला ती पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरे असं सांगितलं. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादच्या बायकांचा हा पुरावाही आहे.

या प्रयोगावर टीकाही झाली आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पॅप स्मिअर कामाची आहे हे पाश्चात्त्य देशांना दशकांपूर्वी ठाऊक होतं, मग ३१ हजार बायकांना विनातपासणी का ठेवलं, असा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी उस्मानाबादच्या आणि मुंबईतल्या अशाच एका प्रयोगाबद्दल विचारला. संशोधकांचं उत्तर असं, की त्या काळी भारतात खेड्यातल्या बाईला मिळणारी नेहमीची सेवा हीच होती, म्हणजे काहीच नाही. उत्तर खरं आहे, आणि म्हणूनच अस्वस्थ करणारं आहे.

"काही नाही" हे सांगायला लॅब नसली की काय होतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये दाखवलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. आपल्याकडच्या वाशी, भूम, कळंबकडूनही दसरा-दिवाळीला टोळ्या कारखान्यांकडे जातात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून बाई जाते. "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" हे एक वाक्य तिच्या कानावर पडतं. फडात खाडा झाला की दंड, त्यामुळे एकदाचं काढून टाका, असं तिलाही वाटतं. पस्तिशीत पिशवी जाते. त्या वाक्याला उत्तर देऊ शकेल असा एकच कागद असतो, भरवशाच्या चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट. त्यावर लिहिलेलं असतं की तुझी पिशवी तुझ्याजवळ राहू दे.

तो कागद घरी पोचणं हेही लॅबचंच काम धरलं पाहिजे. नमुना घेतला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, निकाल आला पंधरा दिवसांनी, तोवर टोळी कोल्हापूरकडे गेली. मोबाइल नंबर दिलेला नवऱ्याचा, नाहीतर दिराचा. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' उभ्या केल्या, त्यामागचा विचार हाच होता, की आरोग्याची गोष्ट उंबऱ्यावर बसून सांगणारं ओळखीचं माणूस हवं. आज ते काम आशाताईकडे आहे. उस्मानाबादच्या प्रयोगात सेविका दुसऱ्यांदा घरी गेली म्हणून प्रयोग झाला. ९६ खान्यांची पट्टी कोणीही विकत घेईल.

उस्मानाबादचं नाव आता धाराशिव झालं. जागतिक मार्गदर्शनात ज्या बाईचा पुरावा पोचला, तिच्या जिल्ह्यात पुढे काय आलं? २०१६ मध्ये देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची चौकट ठरली. ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी, आणि पद्धत व्हीआयए. त्यालाही कारण आहे. व्हिनेगर स्वस्त, निकाल तिथल्या तिथे, लॅब लागत नाही. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हीआयए करून मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं टाटा मेमोरियलने २०१३ मध्ये दाखवलं होतं. दर दोन वर्षांनी, हे मात्र वाचताना निसटतं.

१९९९ ते २००३ च्या दरम्यान ज्या बायकांचा ब्रशवरचा नमुना लॅबला गेला, त्या आता पन्नाशी ओलांडलेल्या, बऱ्याच जणी साठी-सत्तरीच्या. त्यांच्या लेकी तिशीत आल्या आहेत. आरोग्य केंद्रातून आशाताई त्यांना बोलावणं करते. तिथे टेबलावर कापसाचे बोळे असतात, एक टॉर्च असतो आणि वाटीत व्हिनेगर.